काळजाचा कडता

सांगलीच्या हळद बाजारात भूपाल चौगुले तीस वर्षं तोलाईदार होता. पोतं काट्यावर चढलं की वजनाचा आकडा मोठ्यानं पुकारायचा आणि त्यातून कडता किती जायचा तेही सांगायचं, हे त्याचं काम. कडता म्हणजे वजनात भरतं पण हळद नसते ते: बारदान, माती, ओल. तेवढं वजा करून उरेल ते खरं वजन. शेतकऱ्याला कडता नेहमी जास्त वाटायचा, व्यापाऱ्याला कमी. भूपालच्या कडत्यावर दोघंही सारखेच नाराज असत, आणि एवढ्यावरून तो सचोटीचा माणूस आहे हे बाजाराने मान्य केलं होतं. पुढे काटे इतके हुशार झाले की ओलसुद्धा तेच सांगू लागले, तरी काट्याचा आकडा वाचून झाल्यावर माणसं भूपालच्या तोंडाकडे बघत.

अशा माणसाने स्वतःच्या वजनात तीन वर्षं कडता मारला, आणि काट्याला तो कळला नाही.

भूपाल आणि त्याची बायको त्रिशला, दोघांनाही एचआयव्ही होता. २०११ साली एकाच दिवशी, एकाच खिडकीतून दोघांना रिपोर्ट मिळाले. कुणाचा कुणाला लागला, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. त्याने लग्नाआधी हळदीच्या ट्रकांबरोबर निजामाबाद-सेलमच्या खेपा केल्या होत्या. तिला गर्भपाताच्या वेळी घाईघाईत रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. संशयाला दोन्हीकडे पुरेशी जागा होती, म्हणून दोघंही सभ्यपणे गप्प बसले. अशी गप्प बसायची सवय झाली की बाहेरून ती सुखी संसारासारखीच दिसते. शेजाऱ्यांना तर हे जोडपं आदर्श वाटायचं.

गोळ्यांनी विषाणू रक्तात दिसेनासा झाला. पण त्या काळी गोळ्या उशिरा सुरू करत, आणि तोवर त्याने भूपालच्या किडनीतल्या बारीक गाळण्या खाऊन ठेवल्या होत्या. २०३३ साली त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. मग आठवड्यातून तीनदा सांगलीहून मिरजेला, एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस. हॉलमध्ये बारा मशीनं होती. अकरा पांढरी पट्टी लावलेली, आणि बारावं, हात धुवायच्या बेसिनजवळचं, पिवळ्या पट्टीचं. ते पॉझिटिव्ह लोकांचं. जग कुठल्या कुठे गेलं, पण ती पट्टी काही बदलली नाही. पिवळ्या मशीनवर दिवसाला चार पाळ्या, आठवड्याला चोवीस. माणसं आठ, प्रत्येकाच्या तीन. हिशेब इतका चोख होता, की एखाद्याने जास्तीची पाळी घेतली तर दुसऱ्या कुणाची तरी जायचीच.

पॉझिटिव्ह माणूस आता एचआयव्हीने मरत नव्हता. किडनी गेलेला पॉझिटिव्ह माणूस तर किडनीनेही मरत नव्हता. तो हृदयाने मरायचा. विषाणू झोपलेला असला तरी शरीरात कायम एक मंद दाह धुमसत राहतो; रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्याने खरखरीत होतं. किडनी नसल्यामुळे चुन्यासारखे क्षार त्याच वाहिन्यांत जाऊन बसतात. वरून दोन दिवसांचं पाणी अंगात साठतं आणि डायलिसिसमध्ये चार तासांत उपसलं जातं. म्हणजे हृदयाने आज भरलेल्या टाकीशी झुंजायचं आणि उद्या रिकाम्या टाकीशी. हे वर्षानुवर्षं चाललं की हृदयाची भिंत जाड होते, मग तिच्यात दोऱ्यांसारखे चिवट वण भरतात, आणि एके दिवशी मशीनवर बसलेला माणूस बोलता बोलता मान टाकतो.

त्यावर तोडगा म्हणून २०३५ साली जुळं आलं. जुळं म्हणजे कंप्युटरमध्ये चालणारं त्या रुग्णाचंच दुसरं हृदय. छातीवर बिस्किटाएवढी पट्टी चिकटवलेली असे. ती ध्वनिलहरींनी दर ठोक्याला हृदयाची भिंत मोजायची. रक्ताचे रिपोर्ट, गोळ्या, विषाणूचं वय, सगळं जुळ्याला कळवलेलं असे. रुग्ण मशीनवर बसायच्या आधी त्याच्या जुळ्याचं डायलिसिस व्हायचं, सव्वा मिनिटात. किती पाणी काढलं तर हृदय सहन करतं आणि किती काढलं तर अडखळतं, ते आधी जुळ्यावर बघायचं आणि मग माणसाला हात लावायचा. पिवळ्या मशीनवर वर्षाला दोन-तीन माणसं जायची, ते थांबलं. लोकांनी जुळ्याला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला होता.

फक्त एका गोष्टीला जुळं आंधळं होतं. त्याला हृदयाची भिंत दिसायची, पण अंगात एकूण पाणी किती आहे हे वजनावरून धरावं लागायचं. सगळं पाणी काढल्यावर उरतं ते माणसाचं कोरडं वजन. त्याहून आज जितकं जास्त, तितकं पाणी. वजन बरोबर, तर जुळं बरोबर.

वजनाची पत्र्याची पाटी हॉलच्या दारातच, फरशीत बसवलेली होती. ज्यांना आधाराची काठी लागे त्यांनी काठीसकट उभं राहायचं. काठीचे तीनशे ग्रॅम आपोआप वजा होत. भूपालने पहिल्यांदा काठीचं टोक पाटीच्या बाहेर, फरशीवर टेकवलं ते दिवाळीनंतरच्या एका सोमवारी. अर्धा किलो भार काठीवर टाकला. आकडा हलला नाही की थरथरला नाही, हात तोलाईदाराचा होता. टेक्निशियन तौफिक मुजावर तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सुई घालत होता.

कारण काय, तर दोन पाळ्यांच्या मध्ये अडीच किलोच्या वर पाणी साठलं की जुळं जास्तीची पाळी मागायचं. जास्तीची पाळी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचा घास. आपल्यापायी पिवळ्या मशीनवरच्याच शोभाअक्काची नाहीतर त्या कुपवाडच्या रिक्षावाल्याची पाळी जायला नको, असं भूपाल स्वतःला सांगायचा. हे कारण खोटं नव्हतं. पण ते दुसरं होतं. पहिलं कारण तहान. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोट आला. सांगलीच्या एप्रिलमध्ये अर्धा लिटर तर माणूस नुसत्या विचारानेच पितो. भूपाल मोजून अर्धा लिटरच प्यायचा आणि वर दहा वेळा चूळ भरायचा.

अर्ध्या किलोचं पाऊण झालं, पाऊणचा एक. डायलिसिस संपल्यावर वजन करायचं तेव्हाही तो तितकाच भार काठीवर द्यायचा, म्हणजे दोन्ही आकडे जुळत. एकदम उडी कधी मारली नाही. बाजारात असा कडता कुणी लावला असता तर भूपालने त्याला पेठेतून उठवलं असतं.

२०३९ साली नियम बदलला. पॉझिटिव्ह माणसाची किडनी पॉझिटिव्ह माणसाला देता येईल, असं सगळीकडे लागू झालं. त्रिशला त्याच आठवड्यात डॉक्टर हर्डीकरांसमोर जाऊन उभी राहिली. डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, बोलायला थोडक्यात. त्यांनी तपासण्या केल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. त्रिशलाचा धोकाही त्यांनी सांगितला: अठ्ठावीस वर्षं विषाणू बाळगलेल्या बाईची एक किडनी काढली, तर उरलेली एक पुढच्या वीस वर्षांत जाण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीही एखाद दिवस पिवळ्या मशीनवर येणार. तिला कापायचंच, तर ज्याच्यासाठी कापायचं तो टिकला पाहिजे. म्हणून परवानगी देणाऱ्या समितीचा नियम असा होता की, घेणाऱ्याच्या जुळ्यावर ऑपरेशन हजार वेळा करायचं. प्रत्येक वेळी थोडं वेगळं: कधी रक्त जास्त गेलं, कधी दाब पडला, कधी भुलीचा त्रास झाला. आठशेच्या वर जुळी वाचली तर परवानगी.

भूपालची आठशे एकसष्ट वाचली.

डॉक्टरांनी पडद्यावर आकडा दाखवला. तौफिकने हात मिळवला. त्रिशलाने मात्र विचारलं, उरलेल्या एकशे एकोणचाळीसांपैकी एक दाखवता का. असं कुणी मागत नाही, तौफिक म्हणाला. ती म्हणाली, मी मागते. मग त्याने त्यातलं एक लावलं. पडद्यावर राखाडी रंगाची एक मूठ उघडत-मिटत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग ती मूठ थरथरली, दोन-तीनदा मिटायला गेली आणि उघडीच राहिली. त्रिशला शेवटपर्यंत बघत होती. बाहेर येताना भूपालला म्हणाली, "तुम्ही एवढे शांत कधी असता? घोरत तरी असता."

नंतरच्या आठवड्यात तिचं दात्याचं वजन करायचं होतं. दारातल्या त्याच पाटीवर. तौफिकने सांगितलं, मामी, पर्स खाली ठेवा. तिने पर्स ठेवली, बांगड्या काढल्या, केसातला चिमटा काढला, आणि चष्मासुद्धा काढून भूपालच्या हातात दिला. मग पाटीच्या बरोबर मध्ये उभी राहून तिने दोन्ही हात थोडे वर धरले, कुठे टेकल्याचा आळ नको म्हणून. सत्तेचाळीस किलो तीनशे. तौफिक हसला, म्हणाला, एवढं नको हो मामी, चष्मा काय पाच ग्रॅमचा. ती म्हणाली, "आमच्या घरात वजनाला फार मान आहे."

भूपाल भिंतीला टेकून उभा होता. तीस वर्षांत त्याने लाखभर पोती तोलली असतील, पण असं उघडंवाघडं होऊन काट्यावर चढलेलं काही त्याने बघितलं नव्हतं. त्या रात्री तो झोपला, नीट झोपला, कारण थकला होता. सकाळी मात्र उठल्या उठल्या त्याने ठरवलं.

त्रिशला पोहे निवडत बसली होती. त्याने समोर बसून सांगितलं. काठीचं टोक, फरशी, अर्धा किलो, पाऊण, सगळं. ते आठशे एकसष्ट त्याचे नव्हतेच. जुळ्याला वाटत होतं की हा गडी कोरडा ठणठणीत असूनही एवढं रक्त फेकतो, म्हणजे हृदय दणकट. प्रत्यक्षात त्या हृदयाला पाण्याचा फुगवटा होता. ताणलेल्या रबरासारखं ते त्या ताणाच्या जोरावर फेकत होतं. पाणी काढलं की काय उरेल, ते कुणी बघितलेलंच नव्हतं.

त्रिशलाने पोह्यांतला एक खडा बाजूला ठेवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

ती पोहे निवडतच राहिली.

"मोज्यांची रबरं कुणी कापली तुमच्या? पायात रुततात म्हणून. आणि मोरीत चूळ भरल्याचा आवाज येतो, टाकल्याचा येत नाही. तीन वर्षं ऐकते आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तहानलेल्या माणसाला काय बोलायचं."

तो म्हणाला, आज जाऊन डॉक्टरांना सांगतो. त्यावर ती पहिल्यांदा चिडली. सांगायचं नाही, म्हणाली. आठशे असो नाहीतर चारशे असो, त्या पडद्यावर हजार वेळा कापताहेत, मला एकदाच कापणार आहेत आणि तुम्हालाही एकदाच. एकदाच होणाऱ्या गोष्टीला हजाराचा आकडा कशाला लावायचा. त्याने तिला तीनात एकच्या धोक्याची आठवण दिली. ती म्हणाली, तो माझा आहे, त्यात तुम्ही कडता धरू नका.

निवडलेले पोहे तिने डब्यात ओतले. आणि मग तिने ते म्हटलं, जे अठ्ठावीस वर्षांत त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं.

"कुणाचं कुणाला आलं, ते आपण विचारलं नाही. बरं केलं. पण हे तरी माझ्याकडून तुमच्याकडे गेलं, असं एकदा ठामपणे म्हणता आलं असतं मला."

भूपाल उठला, कपडे केले आणि मिरजेची बस धरली. अशा वेळी बऱ्याच माणसांना सत्य आठवतं. समोरच्याला उत्तर देण्यापेक्षा ते सोपं असतं.

डॉक्टर हर्डीकरांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, किती आणि कधीपासून, काही लक्षात आहे का. हा प्रश्न विचारायला नको होता, किंवा दुसऱ्या कुणाला विचारायला हवा होता. भूपाल खुर्चीत ताठ बसला. प्रत्येक वजन आठवत नाही, म्हणाला, पण कडता आठवतो. तौफिकने जुळ्याची जुनी नोंद उघडली आणि भूपालने सांगायला सुरुवात केली.

"छत्तीसच्या दिवाळीपासून अर्धा किलो. संक्रांतीपासून पाऊण. गुढीपाडव्यापासून एक."

तौफिक एकेक कडता परत वजनात मिळवत गेला. प्रत्येक दुरुस्तीनंतर जुळं पुन्हा हजार वेळा ऑपरेशनला जात होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात नवा आकडा येत होता. आठशे एकोणचाळीस. आठशे अकरा. सातशे चौऱ्याऐंशी. तिसऱ्याच कडत्याला परवानगी गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, पुरे, चौगुले.

"अजून सहा आहेत," भूपाल म्हणाला, आणि पुढे सांगू लागला. त्याचा आवाज खुला झाला होता. पर्युषणापासून सव्वा. दुसऱ्या दिवाळीपासून दीड. कितीतरी दिवसांनी तो वजन पुकारत होता, आणि एकही आकडा चुकत नव्हता. तौफिकला नंतर वाटलं, मामा त्या वेळी जवळजवळ खूश दिसत होता. शेवटचा कडता सव्वातीन किलो. शेवटचा आकडा चारशे सात.

डॉक्टर खुर्चीतून उठल्या आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी त्याचा मोजा खाली सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलल्यावर तिथे खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. जुळं आल्यापासून त्यांनी कुणाच्या नडगीवर अंगठा दाबला नव्हता.

"हे मला दिसायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

पण अजून एक वाट होती. साठलेलं पाणी सावकाश काढायचं, तीन महिने. ताण गेल्यावर हृदय थोडं सावरतं, कधी कधी बरंच. मग जुळं पुन्हा तपासायचं. त्यासाठी आठवड्याला चौथी पाळी हवी होती. पिवळ्या मशीनच्या बाकीच्या सातजणांना सगळं सांगून विचारलं, तर दर आठवड्याला एकेकाने आळीपाळीने आपली पाळी सोडली. शोभाअक्काने तीनदा सोडली आणि भूपालला ऐकवलं, "माझं पाणी मी अंगात ठेवते, तुमचं काढा. पण परत काठी हातात धरलेली दिसली तर डोक्यात घालीन."

भूपालने तीन महिने घोटभर पाणीही मोजून घेतलं. चूळ भरून टाकली, आणि टाकल्याचा आवाज येईल अशी टाकली. त्रिशला स्वयंपाकघरातून ऐकायची. ती त्याच्याशी जरुरीपुरतं बोलत होती. जेवण वेळेवर, गोळी वेळेवर, मधल्या जागेत काही नाही. पायांची सूज उतरली. चेहरा बसला. आणि जसजसं पाणी गेलं तसतसं त्या पाण्याने झाकलेलं हृदय वर आलं. मशीनवर त्याचा रक्तदाब पडू लागला. एकदा तौफिकशी क्रिकेटवर बोलता बोलता त्याचे डोळे पांढरे झाले. नवा स्कॅन आला: भिंतीत सगळीकडे वण. थोडे विषाणूच्या दाहाचे, थोडे चुन्याचे, आणि बरेचसे तीन वर्षांच्या त्या सव्वातीन किलोंचे. कुठले किती, हे आता वेगळं करता येत नव्हतं. जुळं आता अगदी खरं झालं होतं. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून महिन्यांचा आकडा सांगितला. भूपालने तो घरी नेला नाही. त्रिशलाने विचारलाही नाही.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. बोलायला थोडक्यात असणाऱ्या बाई त्या दिवशी शब्द शोधत होत्या. त्रिशलाच्या सगळ्या तपासण्या झालेल्या आहेत, म्हणून किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीने एक नाव पुढे केलं आहे. नाव सांगता येत नाही. सोलापूरकडची मुलगी, सव्वीस वर्षांची, जन्मापासूनच पॉझिटिव्ह. किडनी जुळते. तिचं जुळं नऊशे चौतीस. बदल्यात चौगुल्यांना काही मिळणार नाही, जबरदस्ती तर अजिबात नाही, घरी जाऊन विचार करा, महिनाभर...

"चालेल," त्रिशला म्हणाली.

बाईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. त्यांनी भूपालकडे बघितलं. भूपाल टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं, का. तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मी ती मनाने काढून ठेवली होती. आता परत आत कशी घालू?"

तो म्हणाला, तुला कापू नये म्हणून तर मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. आणि तिकिटाची घडी करत बसली.

विश्रामबागच्या थांब्यापर्यंत भूपालला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती त्याला फार आवडली नाही. तिने नाही म्हणावं असं त्याला वाटत होतं. तिच्या जिवासाठी, हे खरंच. पण तेही दुसरं कारण होतं. जी वस्तू आपल्याला मिळणार नाही ती तिच्यापाशीच राहावी, हे पहिलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोत्यातली ओल ओळखणारा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी सव्वीस वर्षांच्या अनोळखी आजारी मुलीवर जळत बसला होता, ते सुद्धा बसमध्ये, पिशवी मांडीवर घेऊन.

ऑपरेशन बुधवारी सकाळी झालं. बुधवार भूपालच्या पाळीचा. वरच्या मजल्यावर त्रिशलाला आत घेतलं, तेव्हा खाली त्याच्या हातात सुया गेल्या. जुळ्याने त्या दिवशी फक्त सहाशे मिली पाणी काढायला सांगितलं, ठोके फार वाढले आहेत म्हणून. तौफिक दर अर्ध्या तासाने वर फोन करायचा आणि येऊन सांगायचा. मामी ठीक. किडनी बाहेर आली. मामीला शिवतायत. अकरा वाजता तो धावतच आला. ती किडनी त्या मुलीला जोडल्या जोडल्या टेबलावरच लघवी सुरू झाली, म्हणाला, डॉक्टर म्हणतात अशी पटकन क्वचित होते. सांगून झाल्यावर आपण हे कुणाला सांगितलं ते त्याच्या ध्यानात आलं. भूपालला सहा वर्षांत लघवी झाली नव्हती.

"चांगली किडनी होती," भूपाल म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "आहे."

दुपारी तो जिना सावकाश चढून वर गेला. दोन ठिकाणी बसावं लागलं. त्रिशला जागी होती, ओठ कोरडे, चेहरा पिवळट. तिने विचारलं, तुमचं झालं का. झालं, तो म्हणाला. डाळ भिजत घातली आहे ती काढून ठेवा, ती म्हणाली, आणि पंधरा दिवस मला ओट्याशी उभं राहता यायचं नाही. मी करीन, तो म्हणाला. दहा मिनिटं ओट्याशी उभं राहायची ताकद त्याच्यात नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

स्टूल ओढून तो बसला. तिच्या डाव्या कुशीतून एक बारीक नळी पिशवीत गेलेली होती. ती पिशवी किती भरली आहे, याचा अंदाज त्याने नकळत केला आणि मग नजर काढून घेतली.

"माझ्यावर अजून रागावली आहेस?" त्याने विचारलं.



"अजून सुरुवात कुठे झाली आहे," ती म्हणाली. "रीतसर रागवायचं म्हटलं तर वेळ लागतो हो. तुमच्याकडे किती आहे?"

तिने हे विचारलं ते पहिल्यांदाच. भूपालने गुडघ्यांवर हात ठेवले. मग कुठलाही कडता न धरता सांगितलं.

"आठ महिने. फार तर नऊ."

तिने मान हलवली, बाजारात भाव ऐकून घेतात तशी. मग ती त्याच्याकडे पाठ करायला निघाली. पण पाठ करायची म्हणजे डाव्या कुशीवर वळायचं, आणि टाके त्याच बाजूला होते. दोनदा प्रयत्न करून तिने तो नाद सोडला, आणि डोळे उघडे ठेवून, त्याच्याकडे तोंड करूनच रागवायला सुरुवात केली.